वाचकांचे प्रश्न : व्हॅक्यूम चेंबरची गळती आणि हेलियमचा फवारा

व्हॅक्यूम चेंबरच्या गळतीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आतली हवा काढून घेतलेल्या चेंबरच्या सांध्यांवर बाहेरून हेलियम फवारायचा आणि आत शिरलेला हेलियम डिटेक्टरने पकडायचा, ही गळती शोधण्याची पद्धत. आधी आकड्यांबद्दल थोडे. दाब आणि गळतीचे आकडे १० च्या ऋण घातांत येतात. प्रयोगशाळेत आपण ‘मायनस सिक्स’ म्हणून मोकळे होतो, तसेच इथे ‘उणे ६’ लिहिले आहे. म्हणजे ‘४ गुणिले उणे ५’ हा आकडा ०.००००४ झाला. दाब मिलिबारमध्ये आहे, गळती मिलिबार-लिटर प्रतिसेकंदात. हे एकक डोळ्यांसमोर आणायचे तर १ मिलिबार-लिटर म्हणजे वातावरणाच्या दाबाची १ घन सेंटिमीटर हवा. उणे ५ ची गळती एवढी हवा साधारण २८ तासांत आत सोडते, उणे ६ ची साडेअकरा दिवसांत आणि उणे ९ ची जवळजवळ ३२ वर्षांत.

प्रश्न : आमचे ६० लिटरचे थर्मल इव्हॅपोरेशन चेंबर (पदार्थ तापवून त्याच्या वाफेचा पातळ थर, म्हणजे फिल्म, बसवणारे) आहे. मागे रोटरी (सुरुवातीची हवा काढणारा तेलाचा पंप) आणि दाब त्याहून खूप खाली नेणारा ३०० लिटर प्रतिसेकंदाचा टर्बो पंप आहे. पूर्वी तीन तासांत दाब २ गुणिले उणे ६ पर्यंत उतरायचा. गेल्या महिन्यापासून तो ४ गुणिले उणे ५ वर अडकतो. शेजारच्या विभागाचा हेलियम लीक डिटेक्टर दोन दिवसांसाठी मिळणार आहे. फवारणी कुठून सुरू करावी? — संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : फवारणी इतक्यात नको. डिटेक्टर येण्याच्या आदल्या दिवशी तासाभराचे काम करा, म्हणजे हातातले दोन दिवस वाया जाणार नाहीत.

आधी चेंबर आणि टर्बो यांच्यामधला गेट व्हॉल्व्ह बंद करून पंपाच्या बाजूचा दाब पाहा. एकटा टर्बोच उणे ६ च्या खाली जात नसेल तर चेंबरचा दोष शोधण्यात अर्थ नाही. रोटरीचा गॅस बॅलास्ट (पंपात मुद्दाम थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा राहिला आहे का, तेल दुधाळ झाले आहे का, रोटरीपासून टर्बोपर्यंतच्या होजचे क्लँप घट्ट आहेत का, हे आधी बघा. गॅस बॅलास्ट उघडा राहणे ही इतकी साधी चूक आहे की ती सगळ्यात शेवटी लक्षात येते.

पंपाची बाजू ठीक असेल तर पुढची चाचणी दाबवाढीची. चेंबर नेहमीच्या तळाच्या दाबापर्यंत खेचा, गेट व्हॉल्व्ह बंद करा आणि दर ३० सेकंदांनी १० मिनिटे पिराणी गेजचे (मध्यम निर्वातातला दाब मोजणाऱ्या मापीचे) रीडिंग कागदावर उतरवा. पेनिंग किंवा आयन गेज (फार कमी दाब मोजणाऱ्या मापी) या वेळी बंद ठेवा. ते स्वतःच थोडा वायू खेचतात आणि आलेख बिघडवतात. वेळ आडव्या अक्षावर आणि दाब उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. रेषा शेवटपर्यंत सरळ चढत राहिली तर बाहेरून हवा येते आहे, कारण बाहेरच्या १००० मिलिबारच्या तुलनेत आतला दाब नगण्य असतो आणि हवा येण्याचा वेग बदलत नाही. आलेख सुरुवातीला उभा चढून मग वाकू लागला तर तो भिंतींवरून सुटणारा वायू, बहुतेक वेळा पाणी. दोन्ही एकत्र असतील तर आधी वाकून पुढे तिरकी सरळ रेषा दिसते. त्या सरळ भागाचा चढ घ्यायचा.

तुमचे आकडेच घेऊ. पंपाचा वेग ३०० लिटर आणि दाब ४ गुणिले उणे ५, म्हणजे दर सेकंदाला ०.०१२ मिलिबार-लिटर वायू कुठून तरी येतो आहे. ६० लिटरच्या चेंबरमध्ये गेट बंद केल्यावर दाब मिनिटाला ०.०१२ मिलिबारने आणि १० मिनिटांत ०.१२ मिलिबारने वाढायला हवा. एवढी वाढ सरळ रेषेत झाली तर दर ८० सेकंदांना एक घन सेंटिमीटर हवा आत शिरते आहे, असा अर्थ. इतकी मोठी गळती शोधायला हेलियमची गरज नाही. टर्बो अलग ठेवा, फक्त रोटरी चालू ठेवून पिराणीकडे बघत एकेका सांध्यावर ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा. काटा उसळला तर अल्कोहोलची वाफ आत गेली. तो क्षणभर खाली गेला तर द्रवाने फट तात्पुरती बुजवली. दोन्ही अर्थाने सांधा सापडला. जवळ हीटर, फिलामेंट किंवा ठिणगी नको आणि खिडकी उघडी ठेवा. साबणाचे पाणी मात्र लावू नका. ते बारीक फटीत वाळून बसते आणि नंतर हेलियमलाही वाट मिळत नाही.

मोठी गळती आधी बंद करण्यामागे आणखी एक कारण आहे. हवेत मुळातच दशलक्ष भागांमागे सव्वापाच भाग हेलियम असतो. ०.०१२ ची गळती असेल तर त्या हवेबरोबर सुमारे ६ गुणिले उणे ८ इतका हेलियम सतत डिटेक्टरकडे जातो. तुम्ही एक फवाराही मारला नसला तरी पडद्यावर तो आकडा असतोच. ‘झीरो’चे बटण दाबले की तो नजरेआड होतो, पण त्याचे चढउतार तसेच राहतात आणि उणे १० ची बारीक गळती त्यांच्यात बुडून जाते.

आलेख वाकला, तर दिवस कोणते आहेत ते आठवा. जुलैच्या दमट हवेत चेंबर अर्धा तास उघडे राहिले तर भिंती पाणी पितात. भिंतींवर साचलेले जुन्या फिल्मचे पापुद्रे तर स्पंजासारखे पाणी धरतात. चेंबर खरवडून स्वच्छ करा, उघडताना कोरडा नायट्रोजन भरा, काम दहा मिनिटांत उरका आणि पंप चालू असताना हीटिंग टेपने भिंत ७०–८० अंशांवर काही तास ठेवा.

प्रश्न : १२० लिटरच्या चेंबरला डिटेक्टर २ मीटर लांब, २५ मिलिमीटर व्यासाच्या होजने जोडतो. फवारल्यावर मिनिट-दीड मिनिटाने सिग्नल येतो. ज्या सांध्यावर सिग्नल दिसला तो घट्ट केला तरी गळती तशीच राहते. डिटेक्टर बिघडला आहे का? — तंत्रज्ञ, मुंबई

उत्तर : डिटेक्टर बहुधा ठीक आहे. जोडणी मंद आहे आणि तुम्ही तिच्यापेक्षा भरभर पुढे सरकत आहात.

चेंबरचे आकारमान भागिले हेलियमसाठीचा खेचण्याचा वेग, हा झाला कालांक. एवढ्या वेळात सिग्नल अंतिम किमतीच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. ९५ टक्क्यांसाठी तिप्पट वेळ लागतो. २५ मिलिमीटर व्यासाची २ मीटर गुळगुळीत नळी हेलियमला फार तर अडीच लिटर प्रतिसेकंद जाऊ देते, आणि होज वळ्यांची असेल तर त्याहून कमी. पुढे डिटेक्टरचा स्वतःचा वेगही तेवढाच धरला, तर दोन्ही मिळून सव्वा लिटर उरतो. १२० भागिले १.२५ म्हणजे ९६ सेकंद. पूर्ण सिग्नल दिसायला पाच मिनिटे लागणार. एका सांध्यावर १५–२० सेकंद थांबून पुढे जात असाल तर पडद्यावर आकडा हलतो तेव्हा तुम्ही चार-पाच सांधे पुढे आलेले असता. दोषी सांधा मागेच राहतो.

चेंबरला स्वतःचा टर्बो असेल तर डिटेक्टर चेंबरला जोडूच नका. तो टर्बोच्या मागे, म्हणजे टर्बो आणि रोटरी यांच्यामधल्या नळीवर टी लावून जोडा. मग चेंबरमधून हेलियम खेचण्याचे काम तुमचा टर्बो करतो. ३०० लिटर वेगाने १२० लिटरचा कालांक अर्ध्या सेकंदाच्याही आत येतो, आणि टर्बोने मागे टाकलेला सगळा हेलियम डिटेक्टरच्या दारात जातो. एवढ्या एका बदलाने दिवसभराचे काम दोन तासांवर येते.

एक हिशेब मात्र चुकवू नका. रोटरी चालूच असेल तर हेलियम दोन्हीकडे वाटला जातो. तासाला २० घनमीटरची रोटरी म्हणजे ५.६ लिटर प्रतिसेकंद. डिटेक्टरचा वेग १ लिटर असेल तर त्याच्या वाट्याला १५ टक्केच हेलियम येतो आणि पडद्यावरचा आकडा खऱ्या गळतीच्या सहा-साडेसहा पट कमी दिसतो. वायूचा भार कमी असेल तर टर्बोच्या मागच्या दाबावर लक्ष ठेवत रोटरीचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करा आणि टर्बोला डिटेक्टरच्याच पंपावर चालू द्या. मागचा दाब टर्बोच्या मर्यादेकडे जाऊ लागला तर रोटरी लगेच उघडा.

हे सगळे कागदावर मांडण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे बाहेरची प्रमाणित गळती, म्हणजे ठरलेल्या वेगाने हेलियम सोडणारा तुकडा. डिटेक्टरच्या आतल्या गळतीने केलेले कॅलिब्रेशन फक्त डिटेक्टरबद्दल बोलते, तुमच्या नळ्यांबद्दल काहीच सांगत नाही. उणे ७ किंवा उणे ८ ची प्रमाणित गळती चेंबरच्या डिटेक्टरपासून सगळ्यात लांबच्या पोर्टवर लावा, तिचा व्हॉल्व्ह उघडा आणि घड्याळ लावून सिग्नल कधी हलतो, कधी स्थिरावतो आणि किती दाखवतो ते लिहून ठेवा. काच झिरपणाऱ्या प्रकारच्या प्रमाणित गळतीवर छापलेला आकडा ठरावीक तापमानाचा असतो. अंशाला साधारण ३ टक्के फरक पडतो, त्यामुळे वातानुकूलन नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात ३८ अंशांना तोच तुकडा २३ अंशांच्या मानाने निम्म्याने जास्त हेलियम सोडत असतो. तापमानाची दुरुस्ती करूनच तुलना करा.

प्रश्न : पहिल्यांदाच फवारणी करणार आहे. सिलिंडरला नळी लावून सगळीकडे फिरवायची एवढेच ना? — एम.एस्सी.चा विद्यार्थी, पुणे

उत्तर : सिलिंडरची नळी फिरवली तर पाच मिनिटांत खोली हेलियमने भरेल आणि प्रत्येक सांधा गळका दिसेल.

नळीच्या टोकाला इंजेक्शनची बारीक सुई बसवा. टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून रेग्युलेटर असा लावा की सेकंदाला एखादाच बुडबुडा येईल. ओलसर ओठाजवळ धरल्यावर झुळूक जेमतेम जाणवली पाहिजे. मग सुई पुसून कोरडी करा. सिलिंडर आणि रेग्युलेटर दाराबाहेर ठेवता आले तर उत्तम, कारण रेग्युलेटरचा सांधाच पुष्कळदा गळतो. आपल्याकडच्या कित्येक प्रयोगशाळांत फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये लिटरभर हेलियम भरून त्याला सुई लावतात. ही पद्धत आम्हाला आवडते. हेलियम आपोआप मोजका वापरला जातो आणि सिलिंडर साखळीला बांधलेला जागच्या जागी राहतो.

डिटेक्टर अर्धा तास गरम होऊ द्या आणि आतल्या गळतीने कॅलिब्रेट करा. पंखे आणि एसीचा झोत बंद करा. रोटरीचा आणि डिटेक्टरचा एक्झॉस्ट नळीने खिडकीबाहेर सोडा, नाहीतर एकदा आत गेलेला हेलियम पंपातून खोलीत येतो आणि फिरून तुम्हालाच फसवतो. मूळचा आकडा पाच मिनिटे स्थिर राहतो का ते बघा. तो डोलत असेल तर पुढे जाऊ नका.

हेलियम हलका, तो वर जातो. म्हणून वरच्या सांध्यांपासून सुरू करून खाली या. खालून सुरू केले तर खाली सोडलेला हेलियम वरच्या गळक्या फ्लँजपर्यंत (दोन भाग बोल्टने जोडणाऱ्या कडेपर्यंत) जाईल आणि तुम्ही खालच्याला दोष द्याल. प्रत्येक सांध्यावर दोन-तीन सेकंद फवारा, सुई बाजूला घ्या आणि सिग्नल यायला लागणाऱ्या वेळेइतके थांबा (ती वेळ वरच्या उत्तरातल्या प्रमाणित गळतीने मोजा). थांबण्याचा कंटाळा येतो. पण या कामातल्या बहुतेक चुका त्या कंटाळ्यातूनच होतात.

सिग्नल दिसला की तो तळाला जाईपर्यंत वाट पाहा आणि त्याच जागी पुन्हा फवारा. तीनदा सारख्याच वेळाने सारखाच उसळला तर मार्करने खूण करा. शेजारी-शेजारी दोन फ्लँज असतील आणि कोणता ते कळत नसेल, तर एकावर पॉलिथीनची पिशवी चढवून चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्यावर फवारा. मग पिशवीची अदलाबदल करा. वेल्डवर सुई अगदी मिलिमीटरभर अंतरावरून सावकाश ओढत न्या. फीडथ्रूची (वायर आत नेणाऱ्या जोडाची) सिरॅमिक, काचेच्या खिडकीचा धातूशी असलेला जोड आणि बेलोजच्या (लवचिक धातूच्या नळीच्या) वळ्या या जागा कधीच सोडू नका.

खोली लहान आणि बंद असेल तर हेलियम छताशी साचून ऑक्सिजनची जागा घेतो, त्याला वास नसतो. दार उघडे ठेवा. आवाज बदलण्याच्या गमतीसाठी तो नाकातोंडात घेणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न : चेंबरच्या मोठ्या दाराला व्हायटनची ओ-रिंग आहे. तिथे फवारल्यावर आकडा हळूहळू पाच-सात मिनिटे चढतो आणि मग तासभर उतरतच नाही. ओ-रिंग बदलली तरी तेच. — प्रयोगशाळा सहायक, नाशिक

उत्तर : ही गळती नाही. रबरातून हेलियम झिरपतो आहे. फटीतून गेलेला हेलियम कालांकाच्या चालीने चढतो आणि फवारा थांबवला की त्याच चालीने उतरतो. रबरातून जाणारा हेलियम आधी त्यात विरघळतो, मग आतल्या बाजूला निघतो, म्हणून उशिरा येतो आणि उशिरा जातो. मोठ्या दाराच्या ओ-रिंगला हेलियमचा लांब फवारा दिला तर उणे ७ पर्यंतचा आकडा सहज दिसू शकतो. सिलिकॉन रबर याबाबतीत व्हायटनपेक्षा फार वाईट.

दाराची चाचणी सगळ्यात शेवटी ठेवा. ओ-रिंगच्या परिघावर एका जागी दोन सेकंद फवारा, थांबा, हाताचे चार बोट पुढे जा. पहिल्या काही सेकंदांत काही आले नाही तर ती जागा निर्दोष. ओ-रिंग आधीच हेलियम प्यायली असेल तर दुसऱ्या दिवशीपर्यंत पंप चालू ठेवणे हाच उपाय. ओ-रिंगवर ग्रीसचा थर चढवून आकडा खाली आणू नका; बोटांना जेमतेम चकाकी दिसेल इतकेच ग्रीस पुरते. खोबणीतला केस किंवा कापडाचा धागा मात्र खरी गळती करतो, त्यामुळे बसवताना खोबण धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा.

प्रश्न : तांब्याच्या गॅस्केटचा फ्लँज गळतो. बोल्ट आणखी आवळू का? — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : थोडे आवळून बघा, पण आधी कोणत्या बाजूला गळतो ते शोधा. या फ्लँजच्या कडेला समोरासमोर दोन खाचा असतात, त्या हेलियम आत पोहोचण्यासाठीच आहेत. सुई तिथे धरा. ४० आकाराच्या फ्लँजला ६ मिलिमीटरचे सहा बोल्ट असतात आणि साधारण १० न्यूटन-मीटरपर्यंत ते आवळले जातात. गोलाकार क्रमाने नाही, समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा देत आवळायचे आणि दोन फ्लँजमधली फट सगळीकडे सारखी राहते आहे ना ते बघायचे. एका बाजूने आधी आवळला की गॅस्केट तिरकी दबते, मग कितीही जोर लावला तरी ती सरळ होत नाही.

एवढ्याने भागले नाही तर गॅस्केट नवीनच घ्या. एकदा दबलेली पुन्हा वापरू नका. फ्लँजची धार भिंगाखाली तिरक्या उजेडात तपासा. धारेला आडवी छेदणारी ओरखडी केसाएवढी असली तरी गळते. चेंबर तापवून (भट्टी करून) थंड झाल्यावर गळती सुरू झाली असेल तर बोल्ट सैल पडले आहेत. गार असताना त्याच समोरासमोरच्या क्रमाने एक फेरी द्या.

प्रश्न : दाबवाढीचा आलेख सरळ आहे, पण पूर्ण चेंबर फवारून हेलियमचा सिग्नल शून्य. हे कसे शक्य आहे? — गोवा

उत्तर : हवा किंवा वायू जिथून येतो आहे तिथे तुमचा हेलियम पोहोचतच नाही. अशा दोन-तीन जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा व्हेंट व्हॉल्व्ह, म्हणजे चेंबर उघडण्याआधी आत वायू सोडणारा व्हॉल्व्ह. त्याच्या बाहेरच्या बाजूला नायट्रोजनची नळी जोडलेली असते आणि तिच्यात दाब असतो. व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकला की नायट्रोजन आत येत राहतो. बाहेरून फवारलेला हेलियम त्या नळीत कसा जाणार? रेसिड्युअल गॅस अ‍ॅनालायझर (आत उरलेले वायू त्यांच्या वस्तुमानाच्या रेषांवरून ओळखणारे यंत्र; नायट्रोजन २८, ऑक्सिजन ३२, आर्गॉन ४०) असेल तर लगेच कळते. हवेची गळती असेल तर २८ बरोबर ३२ आणि ४० च्या रेषाही दिसतात. इथे २८ आणि १४ दिसतात, पण ४० चा आर्गॉन नाही. ३२ वर एकट्याने विसंबू नका, तापलेली फिलामेंट ऑक्सिजन खाऊन टाकते. २८ मोठी असून १४ पेक्षा १२ ठळक असेल तर तो नायट्रोजन नसून कार्बन मोनॉक्साइड. अ‍ॅनालायझर नसेल तर नायट्रोजनची नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडात हेलियम सोडा. स्पटरिंगच्या चेंबरला आर्गॉनच्या फ्लो कंट्रोलरमागच्या व्हॉल्व्हसाठीही हीच युक्ती.

दुसरी जागा पाण्याची नळी. बारीक फटीत पाणी असते तोवर हेलियम आत जात नाही. पाणी सोडून द्या, नळीतून कोरडी हवा फुंकत रहा, नळी कोमट करा आणि मग आतून हेलियम भरा. पाणी काढून पाचच मिनिटांत केलेली चाचणी निरुपयोगी आहे.

तिसरी जागा म्हणजे भासमान गळती. आंधळ्या छिद्रात स्क्रू बसवला की त्याच्या बुडाशी हवेचा खिसा अडकतो आणि ती हवा आट्यांमधून झिरपत राहते. ०.१ घन सेंटिमीटरचा खिसा म्हणजे ०.१ मिलिबार-लिटर, उणे ६ च्या वेगाने तो २८ तास पुरतो. सुरुवातीच्या तासांत ही वाढ सरळ रेषेसारखीच दिसते, मात्र रोज पुन्हा मोजली तर ती कमी होत जाते. खरी गळती तशी कमी होत नाही. पक्के करायचे असेल तर चेंबर आर्गॉनने भरून रात्रभर ठेवा, सकाळी पंप करा आणि अ‍ॅनालायझरवर ४० ची रेषा बघा. ती हवेच्या प्रमाणापेक्षा खूप मोठी राहिली आणि तासन्‌तास सावकाश उतरली तर आत खिसा आहे. मधोमध छिद्र असलेले स्क्रू वापरा, किंवा साध्या स्क्रूच्या एका कडेला लांबीभर कानसीने घाव घाला. वेल्ड आतल्या बाजूने सलग हवा. आत आणि बाहेर दोन्हीकडून सलग वेल्ड केला की मध्ये खिसा तयार होतो आणि तो बाहेरून तपासताही येत नाही.

प्रश्न : किती गळती चालते? पुरवठादार उणे ९ म्हणतो, सहकारी उणे ६ पुरे म्हणतात. — प्राध्यापक, नागपूर

उत्तर : हवा असलेला दाब गुणिले पंपाचा वेग, हा तुमचा एकूण वायूचा खर्च. गळती त्याच्या दहाव्या भागाहून कमी ठेवा. ३०० लिटरच्या पंपावर उणे ६ मिलिबार हवा असेल तर एकूण खर्च ३ गुणिले उणे ४. त्यात उणे ५ ची गळती मुरून जाते आणि दिवस घालवून तिला शोधण्यात हशील नाही. तोच पंप वापरून उणे ९ मिलिबार हवा असेल तर ३ गुणिले उणे ८ च्या वरची एकही गळती नको. बंद करून ठेवायच्या वस्तूंना हा नियम लागू नाही. वर्षानुवर्षे पंपाविना राहणाऱ्या ड्यूअरच्या (थर्मॉससारख्या दुहेरी भिंतीच्या भांड्याच्या) भिंतीतल्या निर्वाताला उणे ९ सुद्धा जास्त असू शकते.

नवे चेंबर बांधत असाल तर प्रत्येक भाग जोडण्याआधी स्वतंत्रपणे तपासा. अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांब भुजांच्या नळ्यांचे तुकडे एकमेकांना वेल्ड करण्याआधी एकेक करून हेलियमने तपासले गेले. तशीच ४ किलोमीटरच्या भुजांची लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. एवढी लांब नळी जोडून झाल्यावर तिच्यातली एक फट शोधणे किती अवघड, ते वरच्या कालांकाच्या हिशेबावरून समजेल.

प्रश्न : हेलियमच का? आणि त्याचा शोध विजयदुर्गावर लागला हे खरे का? — शिक्षक, देवगड

उत्तर : हवेत तो अत्यल्प असतो, कशाशी संयोग पावत नाही, अणू हलका असल्याने बारीक फटीतून हवेच्या सुमारे २.७ पट वेगाने जातो आणि वस्तुमान ४ च्या रेषेवर दुसरा कोणताही नेहमीचा वायू बसत नाही. हायड्रोजनही चालला असता, पण तो पेटतो आणि तापलेल्या स्टीलमधून स्वतःच निघत राहतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या युरेनियम वेगळे करणाऱ्या प्रचंड कारखान्यातील गळत्या शोधण्यासाठी आल्फ्रेड नीर यांनी वस्तुमान वर्णपटमापीवर आधारित डिटेक्टर घडवला. आजची यंत्रे त्याचीच वंशज.

हेलियम आधी सूर्याच्या वर्णपटात ओळखला गेला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून विजापूर आणि गुंटूरकडे गेला. गुंटूरला पिएर जान्सेन यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गाच्या गोष्टीत ज्यांचे नाव येते त्या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी आपले निरीक्षण २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधून केले. त्यामुळे लॉकियर विजयदुर्गावर होते ही गोष्ट जुळत नाही. ग्रहणाची सावली किल्ल्यावरून गेली हे मात्र खरे, आणि त्या दिवसाची आठवण तिथे ठेवली जाते याचा आनंद आहे. पृथ्वीवर हेलियम १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना क्लिव्हाइट खनिजात मिळाला.

प्रश्न : सिलिंडर दोन महिन्यांत रिकामा होतो. काटकसर कशी करावी? — ठाणे

उत्तर : ४७ लिटरचा, १५० बारचा सिलिंडर म्हणजे सुमारे ७ घनमीटर, ७० लाख घन सेंटिमीटर वायू. सुईतून मिनिटाला १० घन सेंटिमीटर सोडले तरी तो अखंड ४८० दिवस पुरायला हवा. तुमचा हेलियम चाचणीत खर्च होत नाही, तो रेग्युलेटरच्या सांध्यातून किंवा उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून जातो. आपला देश हेलियम जवळजवळ सगळा आयात करतो. काम संपल्यावर सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नळीतला दाब सोडा आणि दाबमापीवरचा आकडा खडूने सिलिंडरवरच लिहा. सोमवारी तोच आकडा दिसला नाही तर रेग्युलेटरच्या नटाला साबणाचे पाणी लावा; इथे ते चालते.